लेकी किती?

सकाळी सव्वासहा

उशाजवळचा फोन थरथरतो. तलाठ्यांच्या ग्रुपवर दिवसातला पहिला निरोप बहुतेक वेळा नानांचाच असतो. "साइट पळायली. ज्यायच्या सह्या राहिल्यात त्यांनी आत्ताच उरकून घ्या."

नानांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. पहाटे उठून, आंघोळ करून ते लॅपटॉपला डीएससीचं टोकन लावतात आणि गावाला जाग येईपर्यंत दहा-बारा उताऱ्यांवर डिजिटल सही करून मोकळे होतात. दहानंतर सगळीकडचे लोक एकदमच लॉगिन करतात, मग स्क्रीनवरचं चाक नुसतं फिरत राहतं. हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितलेलं नाही. थ्री फेजची लाइट कधी येते ते बघून शेतकरी मोटार सुरू करतो, तशी त्यांनी साइटची वेळ हेरली.

कागदोपत्री नाना आता तलाठी नाहीत. 2024 पासून ते ग्राम महसूल अधिकारी आहेत. गावात मात्र तलाठीच, आणि ऐंशी ओलांडलेल्या काही म्हाताऱ्यांच्या तोंडी अजूनही पटवारी. मी पदानं त्यांची वरिष्ठ असले तरी इतरांसारखी त्यांना नानाच म्हणते.

मी नायब तहसीलदार. ई-फेरफारचं काम माझ्याकडे आहे. हे काम बघणाऱ्या नायब तहसीलदाराला आमच्यात डीबीए म्हणतात, जिल्ह्याच्या ठिकाणी असतो तो डीडीई. नाव ऐकून माणसाला वाटतं की मी दिवसभर संगणकाशी बोलत असेन. पण मूळ प्रणाली पुण्यात एनआयसीने बांधलेली आहे आणि तिच्यातली एक ओळही बदलायचा मला अधिकार नाही. माझ्या हातात आहेत ती माणसं. कुणाच्या लॉगिनला कुठली सजा, म्हणजे कुठली गावं, जोडायची, बदली झाली की कुणाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करायचं, कुणाच्या टोकनाची मुदत संपत आली, कुणाला स्क्रीन समजते पण गाव समजत नाही, आणि कुणाला गाव पाठ आहे पण माउस हातात घेतला की घाम फुटतो.

मी उत्तर लिहिते: "नाना, आज दहाला ऑफिसात या. नव्या पोराला घेऊन बसायचंय."

त्यांचा अंगठा येतो.

साडेआठ

पाथरीतून चालत ऑफिसला जायला मला आवडतं. साईबाबांच्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर लांबून आलेले भाविक रस्ता विचारत असतात. हायवेवरून माजलगावकडच्या गाड्या पळतात, त्यांना मानवतमार्गे परभणी गाठायची असते. ऑगस्टचा महिना आहे, शिवारात सोयाबीन फुलोऱ्यात आहे, आणि आभाळ सकाळपासूनच भरून आलेलं आहे.

या गावात दप्तराचं काम करताना एक गोष्ट मला रोज आठवते. 1490 मध्ये अहमदनगरची निजामशाही उभी करणाऱ्या मलिक अहमदचा बाप मूळचा ब्राह्मण, आणि त्याचं घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं होतं, असं फेरिश्ताने लिहून ठेवलंय. गावाच्या जमिनीचा हिशेब लिहिणारं घर. पुढे धर्म बदलला, तख्त मिळालं, तरी बुऱ्हाण निजामशहाने याच पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या. इतिहासकार त्यामागे राजकारणही दाखवतील, पण ज्या गावच्या वहीत आपल्या पूर्वजांची अक्षरं आहेत ते गाव आपल्याकडे असावं, ही ओढ मला परकी वाटत नाही. रोज माझ्यासमोर बसणारी माणसं अर्ध्या एकरासाठी तेच मागत असतात.

आणि म्हणूनच "आता सगळं बदललंय मॅडम, आमचं वय झालं" असं कुणी म्हणालं की मी त्याला रेकॉर्ड रूममध्ये नेते. मराठवाड्याच्या दप्तराने किती वेळा कात टाकली ते तिथे दिसतं. मोडी आहे, निजामाच्या काळातली उर्दू आहे, फसली सन आहेत. 17 सप्टेंबर 1948 नंतर हैदराबाद राज्य भारतात आलं, 1954-55 ची खासरा पत्रकं तयार झाली, 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्रात, आणि पुढे 1966 चा जमीन महसूल अधिनियम लागू झाला. दर वेळी लिपी, नमुना, वर्षाची मोजणी, वरचा साहेब असं काही ना काही बदललं. दर वेळी कुणीतरी पन्नाशीचा कारकून नवं शिकायला बसला असणार. त्याचं नाव कुठे नाही, त्याचं अक्षर आहे.

पावणेदहा

2020 साली पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हापासून हीच वेळ. कुलूप उघडतं, पंखे सुरू होतात. शिपाई दादा राउटरचे दिवे बघून सांगतात, "मॅडम, हिरवा आहे." दिवसाची सुरुवात या वाक्याने झाली की बरं वाटतं.

दहा

नवा पोरगा वेळेआधीच आलाय. अभियांत्रिकीची पदवी, लातूरकडचा. 2023 च्या तलाठी भरतीतून आलेला. त्या भरतीत 4,644 पदांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते, त्यातून निवडून आलेली ही मुलं हुशार आहेत यात शंकाच नाही. याला मी पहिल्या दिवशी फेरफाराची स्क्रीन दाखवली आणि तासाभरात त्यानं मला एक शॉर्टकट दाखवला, जो मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हता.

आज त्याच्या लॉगिनला दुसरी सजा जोडायची आहे, कारण तिथले तलाठी वैद्यकीय रजेवर आहेत. मी सेवार्थ आयडी टाकते, गावं निवडते, जुन्या नावावरून काढते, नव्यावर चढवते. चार मिनिटांचं काम. आधीच्या काळी याला चार्ज देणं-घेणं म्हणत आणि त्याला चार-चार दिवस लागत. वह्या मोजायच्या, पानं मोजायची, खाडाखोड दिसली की तिथे दोघांनी सही करायची, आणि जाणारा येणाऱ्याला सांगायचा: "या गटात दोन भावांचं भांडण आहे, हा बांध कोरलेला आहे, या म्हातारीला फसवतील, लक्ष ठेव." चार मिनिटांत गावं पोचतात. हे सांगणं मात्र पोचत नाही. प्रणालीत त्यासाठी जागा नाही, आणि असावी असंही मी म्हणत नाही, कारण असलं सगळं लिहून ठेवता येत नाही. पण कुणीतरी ते बोलायला हवं. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. सजा चढवायची ती दोघांना समोरासमोर बसवून, आणि जुना माणूस नसेल तर त्या पट्ट्याची माहिती असलेला दुसरा कुणीतरी. आज नाना.

नाना खुर्ची ओढून बसतात आणि खिशातून डायरी काढतात. पोरगा लॅपटॉप उघडतो. पहिला अर्धा तास दोघंही माझ्याकडे बघून बोलतात, एकमेकांकडे नाही. मी मुद्दाम चहा सांगायला बाहेर जाते.

परत येईपर्यंत नाना त्याला पोटखराबा समजावत असतात आणि पोरगा त्यांच्या फोनवर टोकनाच्या मुदतीचं स्मरण लावून देत असतो.

मग मी टोकनावर येते, कारण हे सांगितल्याशिवाय मी कुणालाच सोडत नाही. डीएससीचं टोकन अंगठ्याएवढं असतं. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, आणि आज कुणीही पंधरा रुपये भरून तो घरबसल्या काढतो, बँकेत देतो, कोर्टात देतो. त्यावर शिक्का नाही, शाई नाही. त्या उताऱ्याचा सगळा भार या टोकनावर आणि त्याच्या पिनवर. ते कुणाच्याही हाती द्यायचं नाही. ऑपरेटरच्या नाही, कोतवालाच्या नाही, मदतीला ठेवलेल्या पोराच्या तर मुळीच नाही. अशाच मदतनिसांवरून "झिरो तलाठी" हा शब्द महाराष्ट्रात रूढ झाला, ते सगळ्यांना माहीत आहे.

हे मी दुसऱ्याच्या चुकीवरून शिकलेले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका तालुक्यात असताना, मार्चअखेरच्या घाईत मी माझा पासवर्ड ऑपरेटरला सांगितला. तो प्रामाणिक मुलगा होता. रात्री अकरापर्यंत बसून तो डेटा दुरुस्त करत होता, आणि एका गटाचं क्षेत्र 2 हेक्टर 10 आर असायचं ते 1 हेक्टर 20 आर झालं. जूनमध्ये त्या शेतकऱ्याला पीककर्ज कमी मंजूर झालं तेव्हा ते उघडकीला आलं. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने विचारलं, "माझं नव्वद गुंठे रान कुणी नेलं?" प्रणालीत बघितलं तर तिथे माझंच नाव होतं. ते बरोबरच होतं. दुरुस्ती झाली, पण पेरणीच्या तोंडावर त्या माणसाने सावकाराकडून पैसे उचलले होते, ते व्याज मला परत करता आलं नाही. चूक त्या मुलाची नव्हती. जिच्या नावावर नोंद होते, तिनं ती बघितली नव्हती.

पोरगा ऐकतो. टोकन तो गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला अडकवतो. नाना मान हलवतात, "ध्यान असू दे, दोरी तुटती."

साडेअकरा

समोरच्या बाकावर एक आजी आणि तिचे दोन मुलगे बसलेत. नवरा दीड वर्षापूर्वी गेला. पंचवीस सालच्या जिवंत सातबारा मोहिमेत गावोगाव मयत खातेदारांची नावं शोधून वारसांची नावं लावायची होती. तेव्हा यांचं राहून गेलं, कारण मुलगे पुण्याला कामावर होते. आता आलेत. ई-हक्कवरून रीतसर अर्ज केलाय. मृत्यूचा दाखला, स्वयंघोषणापत्र, आधार, सगळं जोडलंय. वारस तीन: बायको आणि दोन मुलगे.

पोरग्याने अर्ज तपासला. कागद पूर्ण, फोटो स्पष्ट, नावं आधारशी जुळतात. प्रणालीच्या दृष्टीने यात काहीही कमी नाही. तो वारस नोंदवहीला घेऊन पुढची पायरी करणार तोच नाना, जे खरं तर उठून जायला निघाले होते, आजीकडे बघतात.

"आजी, कोण्या घरच्या तुम्ही? तळ्याकडच्या ना?"

"व्हय."

"लेकी किती?"

आजी मुलांकडे बघते. मोठा मुलगा म्हणतो, "त्यांचं लग्न झालंय नाना. त्या काही मागायल्या नाहीत."

नाना पुन्हा आजीलाच विचारतात, आवाज न चढवता. "मागायचं मी इचारलंच नाही. लेकी किती?"

"दोन," आजी म्हणते. "थोरली माजलगावला दिली. धाकटी सोनपेठला."

मी हे सगळं माझ्या टेबलावरून बघतेय. पोरगा माझ्याकडे बघतो. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट कळतं, कारण तेच त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर आलं होतं, नव्वद गुंठ्यांच्या वेळी.

त्या स्क्रीनवर वारसांची नावं भरायला रकाने आहेत, नातं निवडायला यादी आहे, यादीत 'मुलगी' आहे. पण मुली किती आणि त्या कुठे दिल्या, हे ती विचारत नाही. अर्जदाराने जेवढे सांगितले तेवढेच वारस. पुढे नमुना 9 ची नोटीस निघते तीसुद्धा अर्जात ज्यांची नावं आहेत त्यांनाच. पंधरा दिवस हरकतीसाठी असतात. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर नोटीस दिसते, हे खरं, पण माजलगावच्या एका घरात भाकरी थापणारी बाई रोज उठून पाथरी तालुक्यातल्या कुठल्या गटाची नोटीस लागली ते बघायला जात नाही. पंधरा दिवस संपले असते, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली असती, सातबारा डिजिटल सहीसह तयार. कुठेही लाल खूण आली नसती. दोघी बहिणींना ते कळलं असतं दहा वर्षांनी, जमीन विकायला निघाल्यावर.

मी मुलांना बसवून घेते. त्यांना ओरडायचं काही कारण नाही. गावात आजही पुष्कळांना खरंच वाटतं की लग्न झालेल्या मुलीचं नाव लागत नाही. मी सांगते, महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासूनच मुलाइतका वाटा दिला, आणि बापाच्या स्वतःच्या जमिनीत तर 1956 च्या कायद्यापासूनच तिचं नाव पहिल्या वारसांत आहे. बहिणींना वाटा सोडायचा असेल तर तो त्यांचा निर्णय. आधी त्यांची नावं लागतील, मग त्या आल्या तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोड होईल. आधीच पुसून टाकलं तर ते सोडणं होत नाही.

धाकटा हळूच म्हणतो, "मग भाऊबिजेला काय तोंड दाखवायचं, म्हणतील तुम्ही नाव घातलं नाही." मोठा गप्प राहतो. आजी पदराने डोळे पुसते आणि म्हणते, "थोरलीनं त्येला शेवटचं पाणी पाजलं हो बाई. दवाखान्यात तीच होती."

अर्ज त्रुटीत परत जातो. पाच वारसांसह पुन्हा यायचा.

मला आता या गोष्टीकडे एका चांगल्या दिवसाची चांगली गोष्ट म्हणून बघता येत नाही. नाना दोन मिनिटं आधी निघून गेले असते तर? दोन वर्षांनी ते निवृत्त होतील तेव्हा? तालुक्यात कितीतरी नानांची शेवटची वर्षं आहेत, आणि त्यांच्या जागी येणारी मुलं माझ्यापेक्षा, त्यांच्यापेक्षा, यंत्र चांगलं चालवणारी आहेत. खातं बदलतं तेव्हा आपण नव्याला शिकवतो की बटण कुठलं दाबायचं. जुन्यालाही तेच शिकवतो. बटण दाबण्याआधी कोणता प्रश्न विचारायचा, तो प्रश्न कुणाच्या डोक्यात आहे आणि तो दुसऱ्याच्या डोक्यात कसा जाईल, याचं वेळापत्रक कुणी करत नाही. मी करू लागलेय, जमेल तसं. पोरग्याच्या सजेतले सगळे प्रलंबित वारस अर्ज मी काढून ठेवायला सांगते. उद्यापासून रोज एक तास, नाना आणि तो, शेजारी बसून.

दीड

लाइट गेली. इन्व्हर्टरवर दोनच संगणक चालतात, ते आम्ही लोकांसाठी ठेवतो. डबा उघडते, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं.

जेवताना पोरगा विचारतो, "मॅडम, एवढी पासवर्डची भीती आहे तर सरळ अंगठाच का नाही?" प्रश्न चांगला आहे. मी त्याला कर्नाटकाच्या भूमी प्रकल्पाबद्दल सांगते. आपल्या शेजारचं बिदर, कलबुर्गी, जो भाग आपल्यासारखाच निजामाकडे होता, तिथेही हे झालं. 2000 च्या सुमारास त्यांनी जवळपास दोन कोटी उतारे संगणकावर घेतले, हाताने लिहिलेला उतारा द्यायचं बंद केलं, आणि कर्मचाऱ्यांना पासवर्ड न देता बोटाचा ठसा लावला. पासवर्ड उसना जातो, बोट जात नाही. राजीव चावला नावाच्या अधिकाऱ्याने ते काम नेटाने पुढे नेलं. फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच घ्यायचे, मधला उडवून पुढचा घेता येणार नाही, हेही त्यात बसवलं होतं. यंत्राकडून असं काम करून घेता येतं, आणि घ्यायलाच हवं. ओळखीच्या माणसाचं आधी, ही रीत मोडायला माणसांपेक्षा यंत्र बरं.

"मग लेकी किती, हेही यंत्राला शिकवता येईल," तो म्हणतो.

येईल. जन्मदाखल्यांशी जोडा, रेशनकार्डाशी जोडा. पण साठ वर्षांपूर्वी घरी जन्मलेल्या मुलीचा दाखला नसतो, आणि लग्नानंतर तिचं नाव रेशनकार्डावरून गेलेलं असतं. तो विचारात पडतो. मी त्याला म्हणते, तरी लिहून काढ, सूचना म्हणून डीडीईंकडे पाठवू. वारस भरताना आधी एक प्रश्न यावा: मयताला एकूण मुली किती? खोटं सांगणारा सांगेलच, पण विसरणारा विसरणार नाही.

अडीच

जिल्ह्याचा आढावा, व्हिडिओ कॉन्फरन्सवर. प्रलंबित फेरफार, एक महिन्यावरचे किती, नोंदींतल्या विसंगती दाखवणारे ओडीसी अहवाल निरंक किती गावांचे, ई-पीक पाहणी किती टक्के. आकडे भराभर जातात. आमच्या यादीतला एक अर्ज त्रुटीत गेल्याचा दिसतो, कारण विचारलं जातं, मी सांगते. पलीकडून "ठीक" येतं. आकड्यांचा मला राग नाही. पूर्वी वर्ष-वर्ष पडून राहिलेली नोंद आज महिनाभर राहिली तर तिचं उत्तर द्यावं लागतं, हे आकड्यांमुळेच झालं. फक्त मी माझ्या लोकांना महिनाअखेरच्या दोन दिवसांत ढिगाने नोंदी प्रमाणित करू देत नाही. वीस नोंदी रोज आणि शंभर नोंदी एका रात्रीत, या दोन्ही सह्या एकसारख्या दिसतात, पण एकसारख्या नसतात.

नाना सांगतात ते 2017 चं चावडी वाचन मला या आढाव्यात नेहमी आठवतं. संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का, हे बघायला गावात मोठ्याने वाचून दाखवायचा. नाना मारुतीच्या पारावर बसून वाचत होते. "गट अमुक, क्षेत्र इतकं, नाव अमुक." आणि गर्दीतून कुणी ओरडायचं, "आवो, त्येच्या बापाचं नाव चुकलंय!" एका सकाळी जेवढ्या चुका सापडल्या तेवढ्या महिनाभर नमुने ताडून सापडल्या नसत्या.

सव्वाचार

दुपारचा पाऊस थांबला म्हणून ई-पीक पाहणी बघायला आम्ही गोदाकाठी निघतो. पोरगा मोटारसायकल काढतो, मी आमच्या जीपमध्ये. ढालेगावच्या बंधाऱ्याच्या अलीकडे एक शिवार आहे, इकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी, तिकडे नदी, म्हणून ऊस दाट. त्याला लागून सोयाबीन, कापूस.

15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः ॲपवर पीक नोंदवायचं आहे, शेतात उभं राहून, फोटोसह. त्याआधी गाव नमुना बारामध्ये तलाठी जे लिहील ते पीक. कागदावरच्या नमुन्यात किती वेळा मागच्या वर्षीचंच पीक पुन्हा उतरवलं जायचं, ते बोलायची गरज नाही. आता अतिवृष्टी झाली, विमा मागायचा, हमीभावाला माल घालायचा, तर ही नोंदच लागते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं जे केलं त्यानंतर तर नोंद नसलेल्यांची तारांबळ सगळ्यांनी बघितली.

बांधावर एक बाप-लेक उभे आहेत. बापाच्या हातात साधा फोन. लेकाकडे स्मार्टफोन आहे पण तो शेतात नीट चालत नाही, ठिकाण चुकीचं दाखवतो, गटापासून दूर आहात म्हणतो. गावासाठी नेमलेला सहायक आहे, बारावी झालेला, त्याचा फोन चालतो. पोरगा दोघांना घेऊन शेताच्या मधोमध जातो, आभाळाकडे फोन धरून थांबतो. ठिकाण जुळतं. फोटो निघतो. त्यात सोयाबीन आहे, आणि मागे बांधाला लावलेली तुरीची ओळ आहे.

"तूर लिहिली का?" मी विचारते.

"मुख्य पीक सोयाबीन टाकलं मॅडम."

"मिश्र टाक. बांधाची ओळ म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या डाळीची तूर आहे."

बाप हसतो. "साहेबीण रानातल्या दिसायल्यात."

माझं माहेर शेतकऱ्याचंच आहे. पोरगा मागे जाऊन मिश्र पीक निवडतो आणि यापुढे बांध बघायचा, असं स्वतःच म्हणतो.

सव्वासहा

ऑफिस बंद व्हायची वेळ. रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्याकडे आहे. नाना आत बसलेत, पंख्याखाली, 54-55 च्या खासरा पत्रकाचं बाड समोर. एका ओडीसीतली क्षेत्राची तफावत त्यांना तिथे सापडेल असं वाटतंय. कलम 155 ची दुरुस्ती करायची तर मुळात चूक कुठे झाली ते दाखवावं लागतं. चार पानांनंतर बोट थांबतं. मूळ क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे, हेक्टर-आर करताना कुणीतरी गुंठ्यांचा आकडा तसाच आर म्हणून उतरवला. नाना फोनने फोटो काढायला जातात, हात थरथरतो, फोटो हलतो. पोरगा त्यांच्या हातातून फोन घेत नाही. त्यांच्या मनगटाला खालून आधार देतो. फोटो स्पष्ट येतो.

टोकनं जमा करायची नसतात, ज्याचं त्याच्याकडेच राहतं. तरी मी रोज जाताना विचारते, "टोकन?" सगळे खिसे चाचपतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत आंदोलन म्हणजे लेखणी बंद. नंतर नव्या लॅपटॉप-प्रिंटरच्या मागणीसाठी राज्यातल्या तलाठ्यांनी डीएससीच जमा केल्या होत्या. लेखणीची जागा कुणी घेतली ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्यांची मागणीही खरी होती. ज्याच्या सहीवर गावच्या जमिनी उभ्या आहेत त्याला धड चालणारं यंत्र मागावं लागू नये.

रात्री साडेआठ

ताट वाढते तोच पोरग्याचा फोन.

"मॅडम, मी माजलगावच्या ताईंना फोन लावला होता. आजींनीच नंबर दिला. अर्जात तुमचं नाव घालायचंय, म्हणून सांगितलं. त्या आधी काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं रेंज गेली."

"मग?"

"मग म्हणाल्या, दादाला माहीत आहे का? मी म्हणालो, त्यांच्यासमोरच ठरलंय. मग बराच वेळ मागे लेकरं ओरडत होती तेवढंच ऐकू आलं. शेवटी त्यांनी विचारलं, सही कुठं करावी लागंल, पाथरीला का माजलगावला."

"काय सांगितलंस?"

"पाथरीला. येताना आधार आणा म्हणालो. आणि धाकटीलाही घेऊन या."